लेबल एक, सूर दोन: १७४ बीपीएमवरच्या एका सेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या एका तासाच्या सेटचं आहे. डीजेची आणि ठिकाणाची ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. ट्रॅकचीही नावं दिलेली नाहीत, ते त्यांच्या आवाजावरूनच ओळखायचे.

ही डीजे काही वर्षं हाउस हे त्याहून संथ नृत्यसंगीत वाजवत होती आणि तिथे तिची पद्धत पक्की बसली होती. लायब्ररी सॉफ्टवेअरकडून तपासून घ्यायची, प्रत्येक ट्रॅकला पट्टीचं लेबल लावायचं आणि कॅमलॉट चक्रावर शेजारी असलेलेच ट्रॅक जोडायचे. या चक्रात २४ पट्ट्यांना १ ते १२ हे आकडे आणि 'ए' किंवा 'बी' अशी खूण असते. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. एफ मायनर ४ए, सी मायनर ५ए, जी मायनर ६ए. शेजारच्या दोन पट्ट्यांत सातपैकी सहा स्वर सारखे असतात, म्हणून त्या एकमेकींत सहज मिसळतात. हाउसमध्ये ती की-लॉक कायम चालू ठेवायची, म्हणजे वेग बदलला तरी सूर हलत नसे.

ड्रम अँड बेसचा हा तिचा पहिलाच मोठा सेट होता. त्यासाठी तिने २८ ट्रॅक निवडले. १९ ट्रॅक १७३ ते १७५ बीपीएमचे (म्हणजे मिनिटाला इतके ठोके) होते, ५ ट्रॅक १७० ते १७२चे रोलर, म्हणजे सलग गडगडत जाणाऱ्या बेसचे, आणि ४ जुने जंगल ट्रॅक, म्हणजे ड्रम अँड बेसच्या आधीच्या शैलीचे, १६० ते १६५चे. सेटचा वेग १७४ ठरला.

पहिल्याच सरावात तिने की-लॉक बंद केलं. कारण रास्त होतं. जंगलचा जीव त्याच्या तुटक, फेरजुळणी केलेल्या ब्रेकमध्ये, म्हणजे कापून घेतलेल्या ड्रमच्या तुकड्यांत असतो. स्नेअरच्या आगेमागे हळू वाजलेले जे बारीक ठोके असतात, त्यांच्यावर सगळी चाल उभी असते. १६४चा ट्रॅक की-लॉक लावून १७४ला ओढला की ते ठोके चिकटल्यासारखे होतात, स्नेअरची धार जाते आणि झांजेला पत्र्यासारखा आवाज येतो. तिच्या कानाला ते खुपलं, तिने बटण बंद केलं. लेबलं पाहून जोडणं आणि की-लॉक बंद ठेवणं, हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. गडबड ते एकत्र आल्यामुळे झाली.

अडचण

सरावाची रेकॉर्डिंग घेऊन ती माझ्याकडे आली. ठोके जुळलेले होते, फ्रेज जुळलेल्या होत्या, ड्रॉप (बेस आणि ड्रम एकदम कोसळतात त्या जागा) वेळेवर पडत होते. तरी तीन ठिकाणी पोटात काहीतरी आंबट व्हायचं.

पहिली जागा पियानोवाल्या लिक्विड, म्हणजे मऊ, सुरेल ढंगाच्या ट्रॅकची. हा १७४चा, एफ मायनरचा. त्याच्या शेवटच्या ३२ बारवर (एक बार म्हणजे चार ठोके) १७०चा एक रोलर चढवलेला होता आणि त्याचंही लेबल ४एच. १७४ला ३२ बार म्हणजे ४४ सेकंद. रोलरचा बेस आला तसा पियानो उतरल्यासारखा वाटायला लागला. "दादा, लेबल तर एकच आहे ना दोघांचं?" तिने विचारलं. लेबल एकच होतं, पण की-लॉकशिवाय १७०चा ट्रॅक १७४ला नेला की वेगाबरोबर सूरही वर जातो. वेग २.३५ टक्के वाढला आणि सूर ४० सेंट चढला. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. म्हणजे रोलर ना एफमध्ये राहिला होता, ना एफ शार्पमध्ये पोचला होता. तिच्या सॉफ्टवेअरवर पट्टी जवळच्या स्वराला धरून दिसते, त्यामुळे पडद्यावर ४एच राहिलं.

तळाचा एफ ४३.६५ हर्ट्झचा असतो, चढलेला साधारण ४४.७चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला एक हेलकावा येतो, बेस फुगतो आणि विरतो. तंबोऱ्याची जोडीची तार किंचित उतरलेली असली की जशी लाट ऐकू येते, तशीच ही लाट. फरक इतकाच की मोठ्या स्पीकरवर ती छातीला जाणवते.

दुसरी जागा डबल ड्रॉपची, म्हणजे दोन ट्रॅकचे ड्रॉप एकाच ठोक्यावर पाडायचे. एक ट्रॅक रीस बेसचा, म्हणजे घोंगावणाऱ्या, गच्च बेसचा, लेबल ५ए. दुसरा ६ए. दोन्ही १७४चे, म्हणजे वेगाचा काही प्रश्नच नव्हता आणि लेबलं शेजारची होती. तरी ड्रॉप पडला आणि चिखल झाला.

तिसरी जागा सगळ्यात चक्रावून टाकणारी. १६४चा एक जंगल ट्रॅक, लेबल ९ए, म्हणजे ई मायनर. सरावात तिच्या हातून तो चुकीच्या जागी, एफ मायनरच्या गायकीच्या ट्रॅकवर लागला. चक्रावर ९ए आणि ४ए यांचा काही संबंध नाही. पण तो इतका बेमालूम बसला की रेकॉर्डिंगमधली ती सगळ्यात सुरेल जागा ठरली.

ऐकून काय कळलं

आम्ही पडदा बंद केला. ड्रॉपमधले चार बार लूपवर लावले, मिक्सरवरचे वरच्या आणि मधल्या ध्वनिपट्ट्याचे (उंच आणि मधल्या आवाजांचे) नॉब पूर्ण खाली नेले, हेडफोन लावले. लॅपटॉपच्या स्पीकरवर ४४ हर्ट्झ ऐकूच येत नाही, त्यामुळे ही तपासणी त्यावर करण्यात अर्थ नाही. उरलेला बेस गुणगुणायचा आणि गुणगुणलेला स्वर कीबोर्डवर शोधायचा. गळा आपोआप एक-दोन सप्तक वर धरतो, ते चालतं.

रीसच्या ट्रॅकचं गूढ इथेच उकललं. त्याचा ड्रॉप एफवर होता. सुरुवातीचा लांब पॅड, म्हणजे सलग धरलेला सूर, मात्र सी मायनरच्या कॉर्डवर थांबलेला, आणि सॉफ्टवेअरने बहुधा त्यावरूनच ५ए ठरवलं असावं. खरी जोडी एफ मायनर आणि जी मायनर अशी होती, म्हणजे ४ए आणि ६ए. त्यात दोन स्वर भांडतात: ए फ्लॅटशी ए आणि डी फ्लॅटशी डी. तळाला एफ ४३.६५ आणि जी ४९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाचेक हेलकावे. ड्रम अँड बेसमध्ये अशी चूक सॉफ्टवेअरकडून व्हायला वाव मोठा आहे. रीस म्हणजे मुद्दाम एकमेकांपासून किंचित सरकवलेल्या लहरींचा आवाज, बेस घसरत फिरतो, चाल कमी आणि ड्रम जास्त. अशा आवाजातून पट्टी काढणं माणसालाही जड जातं.

जंगलचं गणित तर मी अनेकांना आनंदाने सांगत आलो आहे. १६४वरून १७४ म्हणजे ६.१ टक्के वाढ, सुराच्या भाषेत १०२ सेंटच्या आसपास. जवळजवळ नेमका एक अर्धस्वर. ई मायनरचा ट्रॅक त्या वेगाला एफ मायनर होऊनच बाहेर पडतो. या वेगात १० बीपीएमचं अंतर म्हणजे साधारण एक अर्धस्वर, आणि ५ बीपीएमचं अंतर म्हणजे अर्ध्या अर्धस्वराची अडनिडी जागा, जिथे कुठलीच पट्टी जुळत नाही. की-लॉक नसलेल्या टर्नटेबलवर ८ टक्के वर-खाली करून जंगल वाजवणाऱ्या पिढीला हे आकडे लागत नव्हते. त्यांचा कान आपोआप तिथे पोचायचा.

कोणते पर्याय होते

तिचा पहिला विचार तडजोडीचा होता: "१७४ नको, १७२ ठेवू. एक ट्रॅक थोडा खाली येईल, दुसरा थोडा वर जाईल, फरक वाटला जाईल." हा विचार बहुतेकांच्या मनात येतो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. १७४चा पियानो १७२ला आणला तर तो २० सेंट उतरतो. १७०चा रोलर १७२ला नेला तर २० सेंट चढतो. दोघांमधलं अंतर ४०च राहतं. एकत्र वाजताना दोन्ही ट्रॅक एकाच वेगाला असावेच लागतात, त्यामुळे सुरांतला फरक त्यांच्या मूळ वेगांच्या गुणोत्तरावर ठरतो. सेटचा वेग कितीही ठेवा, फरक मिटत नाही. सेट १७०ला सुरू करून हळूहळू १७४ला न्यायची तिची दुसरी कल्पनाही याच कारणाने गळाली. चढता वेग ऐकायला छान लागतो, पण पियानो आणि रोलरचं भांडण त्याने सुटत नाही.

सगळीकडे की-लॉक लावणं हा सरळ मार्ग होता. मग पियानो-रोलरचा प्रश्न संपतो, पण जंगलचे ब्रेक मरतात आणि ९ए-४एची सुंदर जोडीही जाते.

पट्टीचा विचारच सोडून फक्त ड्रमवर ड्रम लावत पुढे जाणं हाही खरा पर्याय आहे. ड्रम अँड बेसची परंपरा झटपट मिक्सची आहे, आणि ज्या १६ बारच्या सुरुवातीत नुसतेच ड्रम आहेत तिथे पट्टी जवळपास बिनमहत्त्वाची असते. पण तिच्या सेटमध्ये पियानो होता, गायकी होती, लांब पॅड होते. ते सगळं फक्त कापून जोडायचं तर ट्रॅक निवडण्यामागचा तिचा हेतूच उरला नसता.

शेवटचा मार्ग मेहनतीचा: लेबलं बाजूला ठेवायची, आधी मूळ वेगाप्रमाणे गट पाडायचे, मग प्रत्येक ट्रॅकच्या ड्रॉपचा बेस कानाने लिहायचा, आणि की-लॉकचा निर्णय ट्रॅकगणिक घ्यायचा. आम्ही हाच निवडला. माझं मत आधीपासून याच बाजूला होतं, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

काय केलं

१७३ ते १७५ हा मुख्य गट झाला. त्यात एका बीपीएमचा फरक म्हणजे सुमारे १० सेंट, तो ओढून घेता येतो. या गटात लांब मिक्स मोकळेपणाने ठेवले. एका गटातून दुसऱ्या गटात जायचं ते शक्यतो नुसत्या ड्रमच्या भागावरून, हा नियम ठरला. २८पैकी जिथे खरोखर सूर सुरावर चढत होता अशा जागा निम्म्याहून कमी निघाल्या, त्यामुळे काम वाटलं तेवढं अफाट नव्हतं. लायब्ररीच्या शेरा-रकान्यात तिने जुन्या लेबलाशेजारी स्वतःची नोंद लिहिली: 'ड्रॉप एफ, १७४ला, लॉक बंद'. वेग आणि लॉकशिवाय पट्टी लिहायची नाही, हा तिचाच आग्रह होता आणि तो अगदी बरोबर होता.

रोलरसाठी आम्ही की-लॉक चालू आणि बंद अशा दोन्ही प्रती मोठ्या स्पीकरवर ऐकल्या. त्याचे ड्रम प्रोग्राम केलेले, सरळ आणि स्वच्छ होते. किकनंतर मोकळी जागा होती. २.३५ टक्क्यांच्या ताणाने त्यांना काही झालं नाही. म्हणून त्या ट्रॅकपुरतं की-लॉक चालू ठेवायचं ठरलं, पण ट्रॅक सुरू होण्याआधी लावायचं आणि तो संपेपर्यंत हात लावायचा नाही. वाजत असताना बटण दाबलं की सूर ४० सेंटची उडी मारतो.

डबल ड्रॉपवर तिने आधी सोपा उपाय करून पाहिला: जी मायनरच्या ट्रॅकचा बेस पूर्ण कापला. तळाचे हेलकावे गेले, आंबटपणा राहिला. रीसचा आवाज तळापुरता नसतो, मधल्या पट्ट्यातही तो गच्च भरलेला असतो, आणि ए-ए फ्लॅटचं भांडण तिथेच चालू होतं. दोन बेस एकावेळी वाजू द्यायचे नाहीत हा नियम पाळूनही जोडी चुकीची असू शकते, हे इथे कानाला स्पष्ट कळलं. शेवटी जोडीदारच बदलला. सी मायनरचा, कानाने तपासलेला, १७४चा ट्रॅक घेतला. त्याचा तळ कापला आणि त्याचे तुटक स्वर रीसच्या वर ठेवले.

चार जंगल ट्रॅकपैकी १६४ आणि १६५चे लॉक बंद ठेवून एक अर्धस्वर वरच्या पट्टीत धरले. १६५चा ८ सेंट कमी पडतो, चालतं. १६२चा १२४ सेंट चढत होता, त्याला फक्त ड्रमवरून आत आणायचं ठरलं. १६०चा तिला फार प्रिय होता, पण तो १७४ला न्यायचा तर जवळपास पावणेनऊ टक्के वाढ आणि दीड अर्धस्वराच्या आसपासचा सूर. तो काढला.

प्रत्यक्ष सेट

साउंडचेकमध्ये तिला एक गोष्ट सापडली: तिथल्या प्लेअरवर पिचची रेंज, म्हणजे वेग बदलायची मर्यादा, ६ टक्क्यांवर होती. १६४चा ट्रॅक त्या रेंजमध्ये १७३.८४लाच अडतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण ३२ बारमध्ये ठोके ४० मिलिसेकंदांनी सरकतात आणि स्नेअर दुहेरी ऐकू येतो. तिने रेंज १०वर नेली.

पियानो-रोलर जमलं. डबल ड्रॉप तर इतका घट्ट बसला की दोन ट्रॅक वाजताहेत हे ओळखू येईना.

जंगलच्या वेळी अडलं. हेडफोनमध्ये तिने सुरुवातीचे १६ बार ऐकून ठोका जुळवला, पण त्या बारांत नुसतेच ड्रम होते. फेडर (आवाजाची सरकती कळ) वर गेला, पुढे पॅड आला, आणि तो ई मायनरमध्ये, एफ मायनरच्या गायकीवर. दुसऱ्या प्लेअरचं की-लॉक चालू होतं. रेंजचं बटण शेजारीच होतं, ते तिने बदललं होतं. लॉकच्या दिव्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

त्या क्षणी तिच्यापुढे तीन वाटा होत्या. जंगल मागे घ्यायचं, तर रचलेली सगळी चाल मोडते. लगेच बटण दाबायचं, तर सूर योग्य जागी जातो, पण पॅड सगळ्यांसमोर अर्धस्वर उडी मारतो. तिने तिसरी वाट घेतली. जंगलचा तळ आणि मधला पट्टा खाली नेला, फक्त वरची झांज आणि स्नेअरची कड ठेवली, त्या आडोशाला लॉक बंद केलं आणि पुढच्या ८ बारच्या तोंडावर मधला पट्टा परत आणला. ८ बार म्हणजे ११ सेकंद. पॅड एफ मायनरमध्ये परतला. आधीचे दोन-तीन बार बेसूर गेले ते गेलेच, रेकॉर्डिंगमध्ये ते ठळक ऐकू येतात. पण ते सावरणं मला त्या सेटमधलं सगळ्यात कसबी काम वाटतं, कारण सूर कुठे लपवता येतो हे तिला तोवर नीट कळलेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

ठोका जुळवताना तिने जंगलच्या पॅडपर्यंत पुढे जाऊन चार बार ऐकले असते, तर चूक फेडरखालीच पकडली गेली असती. नुसते ड्रम ऐकून पट्टी तपासता येत नाही. आता ती प्रत्येक सुरेल ट्रॅकवर दोन खुणा ठेवते, एक सुरुवातीला आणि एक पहिला स्वर येतो तिथे.

साउंडचेकच्या यादीत रेंज आणि लॉक या दोन वेगळ्या ओळी हव्यात, आणि त्या प्रत्येक प्लेअरसाठी वेगळ्या तपासायला हव्यात. आधीच्या डीजेने काय लावून ठेवलं आहे याचा भरवसा नसतो.

लेबलांचं काम तिने आधी सुरू करायला हवं होतं. १७०-१७२च्या गटातले दोन रोलर आम्ही शेवटी घाईत, फक्त ड्रमवरून जोडून निभावले. त्यांना चांगले जोडीदार मिळाले असते.

एका मुद्द्यावर आमचं अजून जुळलेलं नाही. माझं म्हणणं, १६४चा जंगल ट्रॅक घरीच ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये, टेप पळवावी तसा सुरासकट १७४ला नेऊन नवी फाइल करून ठेवावी. मग तो मुळातच १७४चा, एफ मायनरचा ट्रॅक होतो. प्लेअरवर लॉक चालू असो की बंद, काही बिघडत नाही. रोलरचंही तसंच: सूर जागेवर ठेवून वेग वाढवायचं काम घरी, सावकाश, चांगल्या दर्जाने करून घेता येतं. तिला हे पटत नाही. तिच्या मते एखाद्या रात्री सेट १६४वर उतरवावासा वाटला, तर ती फाइल पुन्हा खाली खेचताना आधी केलेलं सगळं उलटं करावं लागेल आणि जंगल त्याच्या मूळ वेगात वाजवायची मुभा जाईल. सध्या ती दोन्ही प्रती जवळ ठेवते. नव्या प्रतीच्या नावात १७४ लिहिलेलं असतं, आणि तिचं ९एचं जुनं लेबल तिने पुसून टाकलं आहे.